माझ्याकडून राहिलं

२८ जुलै

प्रिय छोटीस,

हे चौथं पत्र. आधीची तीन पोचली की नाही ते तू कळवलं नाहीस. फोन केला की ठकीचे बाबा उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. त्यांचा राग मी समजू शकते, पण तुला दोन ओळी लिहायला काय झालं?

ठकीचा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? गालावरची जखम सुकली का? बाकी काही नको, एवढं तरी लिही. दवाखान्याच्या दारातून मी परत फिरले त्याला अडीच महिने झाले. अजून नळाखाली बादली लावली की हात थांबतो. त्या दिवशी त्याच नळाखाली तिचं डोकं धरलं होतं. ती हातपाय झाडत होती, मला चावलीसुद्धा, आणि मी सोडत नव्हते.

इकडे हवा दमट आहे, त्यामुळे साबणाला घाम सुटलाय. मांडणीवरच्या वड्या रोज सकाळी एकेक करून पुसते, उलटते. आपण साबण करतो त्या गोठ्याच्या दाराला वर, माझ्याही हाताला जेमतेम पोचेल अशी कडी बसवून घेतली. कॉस्टिक सोडा कालवायला झाकणाच्या बादल्या आणल्या. हे शहाणपण आधी सुचायला हवं होतं. त्या दुपारी बादली झाकायचं माझ्याकडून राहिलं, आणि त्याची शिक्षा त्या सहा वर्षांच्या जिवाला.

अप्पा बरे आहेत. वड्या कागदात गुंडाळायचं काम त्यांनी घेतलंय. दहातल्या चार वड्यांवर आपलं नाव उलटं येतं. बोलले तर मलाच ऐकवतात, "गिऱ्हाईक साबण वाचत नाही, हुंगतं." कानांनी मात्र आता पार दगा दिलाय. रोज संध्याकाळी विचारतात, "पोरगी कशी आहे?" मी म्हणते, "बरी आहे." ते म्हणतात, "काय?" मग तेच खोटं मला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागतं.

ठकीला सांग, तिच्या लंगड्या कोंबडीने नऊ पिल्लं काढलीत आणि अप्पांच्या खुर्चीखाली संसार मांडलाय.

तुझी
ताई


९ ऑगस्ट

ताईस नमस्कार.

हे पत्र पोस्टमन मला जिन्यात भेटला म्हणून मिळालं. आधीची तीन मी पाहिली नाहीत. यांनी फाडली असणार. यापुढे घरी लिहू नकोस. खाली एक शिंपीण राहते, तिच्याकडे मी काजं-बटणं करायला जाते. तिचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

ठकीच्या गालावरची खपली पडली. डाग राहील म्हणतात. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, तारीख मिळायची आहे. साबण बघितला तरी ती भिंतीला चिकटते. अंघोळ नुसत्या पाण्याने घालते मी.

कोंबडीचं तिला सांगितलं नाही. तिकडचं काही काढलं की ती गप्प होते आणि मग दिवसभर बोलत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, पण तुला कळलेलं बरं. दवाखान्यात हे तुला जे जे बोलले ते तिने पट्टीखालून सगळं ऐकलंय. मावशीने केलं, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय.

आणि ताई, बादलीचं आणि झाकणाचं सारखं लिहू नकोस. झालं ते झालं. मला वाचवत नाही.

अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, आणून ठेव.

छोटी


२१ ऑगस्ट

प्रिय छोटीस,

पत्र आलं, बरं वाटलं. एक वाक्य सोडून. ते वाचून मी गोठ्यात गेले आणि साबणाची अख्खी लादी तिरकी कापली. वाया गेली नाही म्हणा. अप्पा म्हणाले, तिरक्या वड्या हातात चांगल्या बसतात, यापुढे अशाच काप.

एकटीने करायचं म्हणजे काय, ते आता कळतंय. तेल आणि कॉस्टिक एकजीव होईपर्यंत ढवळायचं, मध्ये थांबायचं नाही. आपण दोघी असताना एकीचा हात भरून आला की दुसरी घ्यायची, आणि तोंड तर दोघींचंही थांबायचं नाही. आता मी मोठ्याने आकडे मोजते. बाजारातला दुकानदार येऊन गेला. त्याला पाहुण्यांच्या खोल्यांसाठी काडेपेटीएवढ्या वड्या हव्यात. तुझी चौकशी केली. म्हणाला, "त्या दिवशी मी आलो नसतो तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "तुमचा काय संबंध?" आणि चहा ठेवायला आत आले.

छोटी, एक मागते. ठकी माझ्यावर रागावलीय तर रागावू दे. तिला मी चांगली वाटावी असं काही सांगू नकोस. पण आठवड्या-पंधरवड्यातून एकदा घरात माझं नाव नुसतं घेत जा. "ही चादर मावशीने दिली होती," एवढंच. तिचे बाबा शहरात कामाला आणि तुम्ही दोघी इथे, त्यामुळे जन्मल्यापासून ती माझ्या कुशीत झोपली आहे. तू ढवळत बसायचीस तेव्हा माझ्या पाठीवर, मी ढवळत बसायचे तेव्हा तुझ्या. मला मूल नाही हे मला कधी आठवलंच नाही, इतकी ती घरभर होती. आता आठवतं.

ऑपरेशनची तारीख कळव. मी येणार नाही, घाबरू नकोस. नुसतं त्या दिवशी काम बंद ठेवीन.

तुझी
ताई


३ ऑक्टोबर

ताईस नमस्कार.

लिहायला उशीर झाला. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. तारीख मुद्दामच कळवली नाही. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल, हळूहळू दिसायला लागेल. तेव्हा काळजी करू नकोस.

ठकी शाळेत जायला लागली. काळा चष्मा लावते. पहिल्या दिवशी मुलं हसली, आता सवय झाली त्यांना. रोज चारला मी आणायला जाते.

हेही आता जरा निवळलेत. परवा जेवताना हसलेसुद्धा. घरात थोडी शांतता आलीय. ती मोडेल असं काही करू नकोस, तुझ्या पाया पडते. इकडे यायचं तर मनातही आणू नकोस.

तुझं नाव घेऊन पाहिलं एकदा. ठकी ताटावरून उठली.

छोटी


१९ ऑक्टोबर

छोटी,

तू रागावणार आहेसच, तर आधीच सांगून टाकते. परवा मी तुमच्या शहरात येऊन गेले.

काडेपेटीएवढ्या वड्यांचं खोकं स्टेशनजवळच्या दुकानात पोचवायचं होतं. ते निमित्त. खरं म्हणजे चार वाजता शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. लांबून बघायचं आणि जायचं, असं ठरवूनच आले होते.

तुला यायला दहा मिनिटं उशीर झाला. त्या दहा मिनिटांत माझे पाय माझं ऐकेनात. ठकी फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती. केवढी उंच झालीय! मी रस्ता ओलांडून तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, अगदी हातभर अंतरावर. तिने वळून पाहिलं नाही. मी हात हलवला. पाहिलं नाही. मग माझ्या लक्षात आलं. छोटी, त्या डोळ्याला काहीही दिसत नाही, आणि पुढेही दिसणार नाही, हो ना? "हळूहळू दिसेल" हे तू मला लिहिलंस, जसं मी अप्पांना ओरडून सांगते तसं.

मग मी मूर्खासारखी समोर गेले. म्हटलं, "ठके." तिने मला पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. दोन्ही हातांनी चष्मा घट्ट धरला. मी काढून घेईन, अशी भीती वाटली असेल. आणि मागे मागे सरकत फाटकाच्या आत गेली, वॉचमनच्या मागे. वॉचमनने विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही, पत्ता चुकले."

तेवढ्यात तू कोपऱ्यावरून येताना दिसलीस. किती वाळलीस गं. मी रसवंतीच्या आडोशाने निघून गेले. एवढंच झालं. तिने तुला सांगितलं असेल किंवा नसेल. नसेल सांगितलं तर तू विचारू नकोस.

घरी आल्यावर माझा जरा तोल गेला, अप्पांसमोर. आता ठीक आहे. पुन्हा येणार नाही.

ताई


६ नोव्हेंबर

चि. छोटीस अप्पांचे आशीर्वाद.

तुझ्या ताईला न सांगता लिहितोय. ती बाजारात गेली आहे. पत्ता तिच्या वहीत सापडला. अक्षर हलतं, समजून घे.

मला ऐकू येत नाही म्हणून मला कुणी काही सांगत नाही. मे महिन्यापासून मी एवढंच धरून चाललो होतो, की अपघात झाला आणि डोक्याला ताप म्हणून जावई आमच्यावर रुसले. गेल्या महिन्यात तुझी ताई शहरातून आली आणि ओट्यावर बसून रडायला लागली. तिला मी तुमची आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. काय झालं विचारलं, तर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "माझ्यामुळे पोरीचा डोळा गेला!" तेव्हा मला कळलं, तुम्ही सगळे काय मानून बसलात ते.

छोटी, मला ऐकू येत नाही, पण दिसतं. त्या दुपारी तुझी ताई ओट्यावर माझ्या पायाची नखं काढत होती. डावा पाय झाला होता, उजवा अर्धा. चांगला अर्धा तास ती माझ्यासमोरून हलली नव्हती. गोठ्यात तू होतीस. दुकानदाराची गाडी आली, तू हात पुसत बाहेर आलीस आणि फाटकाकडे गेलीस. गोठ्याचं दार उघडंच होतं. पोर आत शिरताना मी पाहिली. मी हाक मारायला हवी होती. नेहमीच शिरते, म्हणून नाही मारली. मग तुझी ताई माझा पाय टाकून धावली. किंकाळी मला ऐकू आली नाही.

मी तुला दोष देत नाही. हातून कुणाच्याही होतं. पण मी दोघींचा बाप आहे. एकीचं ओझं दुसरी वाहतेय, हे मला बघवत नाही. आता तुला काय करायचं ते कर.

अप्पा


१५ नोव्हेंबर

ताई,

अप्पांचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय त्यांनी, त्यांना रागावू नकोस.

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं.

मी काय समजत होते सांगू? त्या सकाळी बादली तू धुऊन ठेवली होतीस, झाकण फुटलं होतं, दुसरं आणू म्हणालीस आणि राहिलं. मला वाटलं, तू त्याच्याबद्दल म्हणते आहेस. तुला खरंच वाटतंय की चूक तुझी. सुरुवातीला मला वाटायचं, तुझा गैरसमज दूर करावा. मग यांनी शिव्या दिल्या, त्या तुझ्या नावाने होत्या, माझ्या नाही. मग ते मला सोयीचं झालं. ताई, मी हे लिहितेय कारण हे मी स्वतःशीसुद्धा कधी या शब्दांत बोलले नव्हते. मला सोयीचं झालं.

कॉस्टिक पाण्यात मी टाकलं. वाफा येत होत्या. निवायला म्हणून बादली खालच्या चौरंगावर ठेवली. वर ठेवायला हवी होती. गाडीचा हॉर्न वाजला. फक्त ऑर्डर किती ते सांगून येते म्हणून गेले आणि त्याच्याशी कागदाच्या रंगावरून बोलत बसले. हिरवा की पिवळा. ठकी ओरडली तेव्हा मी "हिरवा" म्हणत होते. मला अजूनही तो शब्द उच्चारता येत नाही.

दवाखान्यात हे धावत आले आणि ओरडले, "कुणी ठेवली बादली उघडी?" मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात माझ्या मागून तुझा आवाज आला, "माझ्याकडून राहिलं." आणि मी तोंड मिटलं. तेव्हापासून सहा महिने मिटलेलंच आहे. हे तुला जेवताना बोलायचे, मी ऐकायचे. ठकी तुला घाबरायची, मी बघायचे. शाळेच्या फाटकाचं तिने मला त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, "मावशी दुसरा डोळा घ्यायला आली होती." आणि तेव्हाही मी बोलले नाही, ताई. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "आता नाही येणार."

मी रविवारी यांना सांगणार आहे. आधी यांना, मग ठकीला.

तू का बोललीस तसं? मी मागितलं नव्हतं.

छोटी


२० नोव्हेंबर

छोटी,

सांगू नकोस. पत्र हातात पडल्या पडल्या लिहितेय, रविवारच्या आत पोचावं म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय.

अप्पांवर मी रागावले, आणि तुझ्यावरही रागावले आहे. कशासाठी सांगायचं? मन हलकं करायला? तुझं हलकं होईल, ठकीचं काय? तिला रोज वेणी घालतं कोण, डोळ्यात थेंब टाकतं कोण? ती मावशीला घाबरली तर काय बिघडतं, मी शंभर मैलांवर आहे. आईला घाबरली तर ती जाईल कुठे?

का बोलले म्हणून विचारतेस. तिचे बाबा आत आले तेव्हा ठकी तुझ्या मांडीवर होती, तुझी ओढणी मुठीत धरून. त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, आता ते तिला तुझ्याकडून ओढून घेतील. तेवढंच डोक्यात होतं. विचारबिचार काही केला नाही. शांतपणे बसून केला असता तर कदाचित मीही गप्प बसले असते. तेव्हा मला थोर करू नकोस.

आणि खरं सांगायचं तर, मला वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांत राग जाईल, सुट्टीत तुम्ही याल. असं होईल हे कळलं नव्हतं.

आता सहा महिने मी जे धरून बसले आहे ते तू एका रविवारी मोडू नकोस. माझी शपथ आहे तुला.

ताई


९ डिसेंबर

ताईंना नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. ठकीच्या आईने त्या रविवारी मला सगळं सांगितलं. तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी, सोमवारी आलं. तेही तिने मला वाचायला दिलं.

दवाखान्याच्या दारात मी तुम्हाला जे बोललो ते परत घेता येत नाही. "तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं," असं मी म्हणालो होतो. तुम्ही मान खाली घालून निघून गेलात. मला ते वाक्य आता रोज ऐकू येतं. माफी मागतो, पण तुम्ही केलीच पाहिजे असं नाही.

बादलीबद्दल माझ्या मनात राग नाही. हे मी तिलाही सांगितलं. मीही त्या गोठ्यात शंभर वेळा दार उघडं टाकलं असेल. पण सहा महिने मी रोज तिच्यासमोर तुम्हाला बोलत होतो आणि ती मला भाजी वाढत होती. ते माझ्याने गिळवत नाही. तिच्याकडे बघितलं की तेच दिसतं. मी तिला थोडे दिवस तिकडे जायला सांगितलं आहे. किती दिवस, ते मला माहीत नाही. ती सामान भरतेय.

ठकीला तिनेच सांगितलं, माझ्यासमोर. जमिनीवर बसून, तिचे हात धरून सांगितलं. ठकीने हात सोडवून घेतले आणि ती कपाटामागे जाऊन बसली. तिच्या आईच्या हातून ती आता डोळ्यात थेंब घालून घेत नाही. माझ्या हातून घालून घेते, पण मला सात वाजता कामावर जावं लागतं.

ताई, कुठल्या तोंडाने विचारू कळत नाही. तुम्ही याल का? काल तिने मला विचारलं, "मावशीने काही केलं नव्हतं, तर मग तिला हाकललं का?"

आपला
ठकीचा बाबा


१४ जानेवारी

ताई,

तुझ्या जागी मी आणि माझ्या जागी तू, याला आता महिना झाला. आपल्याला बसथांब्यावर अकरा मिनिटं मिळाली होती. माझी बस आली, तुझी सुटायची होती. मी दारातून उतरताना ठरवलं होतं, तुझ्या गळ्यात पडून काय काय बोलायचं ते. आणि तू म्हणालीस, "अप्पांची निळी गोळी सकाळी, पांढरी रात्री." मी म्हटलं, "ठकीला दूध गार लागतं." मग तुझ्या कंडक्टरने घंटी वाजवली.

अप्पा माझ्याशी नीट वागतात. जेवायला बसलो की माझ्या ताटात आधी वाढतात. एकदाच म्हणाले, "मी लिहायला नको होतं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना कुठलं "नाही" कळलं देव जाणे.

गोठ्यात चौथ्या दिवशी गेले. तू ओतून ठेवलेला साबण कापला, वाळवला, गुंडाळला. कॉस्टिकचे डबे दुकानदाराला परत दिले. नवीन करायचा नाही, ताई. तू म्हणशील, दहा वर्षांचा धंदा. पण ढवळायला बसले की दर मिनिटाला उठून दार बघून येते. मांडणी रिकामी होत चाललीय. या आठवड्यात शेवटची रांग. दुकानदार म्हणाला, लोक विचारतील. मी म्हटलं, विचारू द्या.

तुझी तीन पत्रं आली. ठकीने दोन पोळ्या खाल्ल्या, ठकीला गणितात शाबासकी मिळाली, ठकी तुझ्याजवळ झोपते. वाचून मला आनंद होतो. खरंच होतो. आणि मग मी गोठ्यात जाऊन बसते.

तू मला चांगलं चांगलंच लिहितेस. तसं नको करूस. आपल्या घरात या दोन गोष्टींनी वाटोळं झालंय, गप्प बसणं आणि बरं लिहिणं. ती माझ्याबद्दल काय म्हणते ते लिही. काही म्हणत नसेल तर तसं लिही.

छोटी


२ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,

खरं लिही म्हणालीस. लिहिते.

महिनाभर तिने तुझं नाव काढलं नाही. मी काढलं तर कानावर हात ठेवायची. तुझा खुंटीवरचा झगा तिने स्वतः काढून कपाटात तळाशी ठेवला. शाळेत बाईंनी घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं, त्यात बाबा, मी, अप्पा आणि अप्पांच्या खुर्चीखाली पिल्लं काढली. बाईंनी विचारलं, आई कुठेय, तर म्हणाली, कागद संपला. तू रडशील हे वाचून. मीही रडले, मोरीत जाऊन.

मी इथे आले तेव्हा तिने मला लगेच जवळ केलं असं समजू नकोस. आठ दिवस ती माझ्याकडे तिरकी मान करून, डाव्या डोळ्याने बघायची. नवव्या दिवशी थेंब घालताना म्हणाली, "मी तुला वाईट समजले होते." सहा वर्षांच्या पोरीने माफी मागावी, आणि तीही न केलेल्या गुन्ह्याची. आपण मोठ्या माणसांनी काय करून ठेवलंय बघ.

तिचे बाबा तुझ्याबद्दल बोलत नाहीत. तुझी पत्रं मी टेबलावर उघडी ठेवते. वाचतात की नाही ठाऊक नाही, पण घडी दरवेळी वेगळी असते.

आता कालचं. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली होती, मी भाजी निवडत होते. मान वर न करता तिने विचारलं, "आई तिकडे एकटीच असते का?"

मी म्हटलं, "नाही, अप्पा आहेत ना."

"अप्पांना ऐकू येत नाही."

"हो."

थोडा वेळ तिने काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाली, "मग ती बोलते कुणाशी?"

मी भाजी निवडत राहिले. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "कुणाशी नाही." ती उठली, पुस्तक मिटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, जेवायला बोलावेपर्यंत.

या शनिवारी ये. शेजारच्या बाई दोन दिवस अप्पांकडे बघतील, त्यांना मी कळवलंय. तिच्या बाबांना मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. विचारून करण्याचं माझं वय राहिलं नाही. ठकीलाही सांगितलेलं नाही. ती तुझ्याजवळ येईल, असं वचन देत नाही. कदाचित पुन्हा कपाटामागे जाऊन बसेल. मग तूही तिथेच, अलीकडे, जमिनीवर बस. बाहेर ये म्हणू नकोस. नुसती बोलत राहा, काहीही.

दुपारच्या बसने आलीस तर साडेचारपर्यंत पोचशील. दार मी उघडीन.

तुझी
ताई